जिंकणारा संघ सोडण्याचा हक्क

३० जून २०१९ रोजी केव्हिन ड्युरांट या अमेरिकन बास्केटबॉलपटूने आपण गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ सोडून न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन नेट्स या संघात जात असल्याचे जाहीर केले. तो २०१६ साली गोल्डन स्टेटमध्ये आला होता. त्यानंतरच्या तिन्ही हंगामांत हा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोचला, २०१७ आणि २०१८ साली विजेता ठरला, आणि दोन्ही वेळा अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ड्युरांटलाच मिळाला. २०१७ च्या विजेतेपदाच्या वाटेवर तर या संघाने सतरापैकी सोळा सामने जिंकले होते. असा संघ एखाद्याने का सोडावा, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला आणि बहुतेकांनी त्याचे उत्तरही चटकन देऊन टाकले: माणूस अहंकारी आहे, चंचल आहे, कृतघ्न आहे.

वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूच्या नोकरीबदलाची चर्चा आपण कशासाठी करावी, असे वाचक विचारतील. शंका रास्त आहे. तिला माझे उत्तर असे की, काम करणाऱ्या माणसाने काम सोडण्याचा हक्क ही काय वस्तू आहे, तो कसा मिळतो आणि तो वापरला की समाज त्या माणसाकडे कसा पाहतो, हे या एका धंद्यात जितके उघड्यावर दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. येथे करार जाहीर असतात, वेतने जाहीर असतात आणि मालकही सर्वांना माहीत असतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. नियमांप्रमाणे जुना संघ ड्युरांटला पाच वर्षांसाठी सुमारे २२ कोटी १० लाख डॉलर देऊ शकत होता. इतर कोणत्याही संघाला चार वर्षांसाठी सुमारे १६ कोटी ४० लाखांच्या पुढे जाता येत नव्हते. दर वर्षाच्या रकमेतला फरक फार मोठा नव्हता, पण पाचव्या वर्षाची हमी गमवावी लागत होती. आणि हे केव्हा? तर त्याच महिन्यात टाचेमागची कंडरा तुटून तो जायबंदी झाला असताना, म्हणजे हमीचे मोल सर्वांत जास्त असताना. तेव्हा त्याने विजयही सोडला आणि हमीही सोडली. केवळ लाभाचा हिशेब करणारा जो ‘आर्थिक मनुष्य’ आमची पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या रंगवीत आली, त्याच्याने या निर्णयाचा उलगडा होत नाही.

उलगडा होण्यासाठी या धंद्यातील वेतनाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन ही तेथील संघमालकांची संघटना. १९८४-८५ च्या हंगामापासून तिने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घातली. पुढे १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर झालेल्या करारात एकेका खेळाडूच्या वेतनालाही कमाल मर्यादा आली. याचा परिणाम असा की, अव्वल दर्जाच्या खेळाडूला कोणत्याही संघात गेले तरी जवळजवळ सारखेच वेतन मिळते. मोल सर्वत्र सारखे ठरवून दिले की माणूस मग इतर गोष्टी पाहू लागतो. आपण कोणाबरोबर काम करणार, कोणत्या गावात राहणार, आपल्या शब्दाला किती किंमत असणार, आपल्याला आपला माणूस मानले जाणार की नाही, हे प्रश्न पुढे येतात. असे प्रश्न प्रत्येक कामगाराच्या मनात असतातच. बहुतेकांना ते पोटासाठी गिळावे लागतात. ड्युरांटला ते गिळावे लागले नाहीत, एवढाच त्याच्यात आणि इतरांत फरक.

त्याच्यापुरती या प्रश्नांची उत्तरे काय होती, हे बऱ्याच अंशी सांगता येते. गोल्डन स्टेट हा संघ त्याच्या येण्याआधीच घडलेला होता. स्टीफन करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन हे तिघे तेथेच वाढलेले होते. २०१५ साली ते विजेते झाले होते आणि २०१५-१६ च्या हंगामात त्यांनी ८२ पैकी ७३ सामने जिंकण्याचा विक्रम केला होता. ड्युरांट आल्यावर संघ जिंकला की लोक म्हणत, हे तर आधीच जिंकत होते. हरला की म्हणत, ड्युरांट असूनही हरले. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका सामन्याच्या वेळी ग्रीन आणि तो यांच्यात जाहीर खटका उडाला. तुझ्यावाचूनही आम्ही जिंकलो होतो, असे त्याला सुनावले गेल्याचे वृत्तपत्रांत आले आणि ग्रीनला संघाने एका सामन्यापुरते निलंबित केले. पुढे एका मुलाखतीत ड्युरांटने सांगितले की, आपल्याला तेथे स्वीकारले गेले, पण तेथेच वाढलेल्यांपैकी एक आपण कधीच होणार नव्हतो. या कबुलीत मला सूडबुद्धी दिसत नाही. श्रमाचे फळ भरघोस येत असूनही त्या फळात आपण कोठे आहोत हे न दिसणे, ही अवस्था तीत आहे. कार्ल मार्क्सने जिला परात्मता म्हटले ती दारिद्र्यातच उपजते असे नाही, विजयोत्सवातही उपजते.

दुसरी गोष्ट शरीराची. मे २०१९ मध्ये त्याची पोटरी दुखावली आणि तो महिनाभर खेळला नाही. संघ टोरोंटोविरुद्धच्या अंतिम मालिकेत एकास तीन असा मागे पडला तेव्हा, १० जूनच्या पाचव्या सामन्यात, तो उतरला. सुमारे बारा मिनिटांत त्याने अकरा गुण केले आणि मग त्याची कंडरा तुटली. तो सामना संघाने एका गुणाने जिंकला, पण तीन दिवसांनी मालिका गमावली. ड्युरांटला २०१९-२० चा संपूर्ण हंगाम खेळता आले नाही. या दुखापतीचा दोष त्याने स्वतः संघाला दिलेला नाही आणि आपणही देऊ नये. पण एक भेद त्यातून दिसतो तो नजरेआड करता येत नाही. मालकाची मालमत्ता अनेक धंद्यांत विभागलेली असते. एक हंगाम गेला तर दुसरा येतो. खेळाडूचे सगळे भांडवल त्याच्या देहात असते आणि त्या देहाची वर्षे मोजकीच असतात. ती कोठे खर्च करावयाची हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा असू शकतो?

आणि तिसरी गोष्ट सोबत्यांची. ब्रुकलिनला तो आपला मित्र कायरी अर्व्हिंग याच्याबरोबर खेळण्यासाठी गेला. आपण कोणाच्या खांद्याला खांदा लावून राबणार हे राबणाऱ्याने ठरवणे, ही कल्पना आजही कारखान्यात वा कचेरीत अजब वाटते. मला ती निरोगी वाटते.

याच माणसाने २०१७ साली काय केले होते, हे त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी आठवावे. त्या वर्षी त्याला जे कमाल वेतन मिळू शकले असते त्यापेक्षा नव्वद लाखांहून अधिक डॉलर कमी घेऊन त्याने नवा करार केला. आन्द्रे इग्वोडाला, शॉन लिव्हिंगस्टन यांसारख्या सहकाऱ्यांना संघात राखता यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्याच्या या त्यागाचा काही भाग सहकाऱ्यांना पोचला आणि काही भाग मालकाच्या वाचलेल्या खर्चात जमा झाला. संघभावनेच्या नावाने कामगाराने केलेला त्याग शेवटी कोणाच्या वहीत जमा पडतो, हे पाहण्याची सवय आपण ठेवली पाहिजे.

आता या सोडून जाण्याच्या हक्काचा इतिहास पाहू. तो मालकांनी आपखुशीने दिलेला नाही. पूर्वी अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत राखीव हक्काचे कलम असे. एकदा ज्या संघाशी करार केला, त्या संघाची इच्छा असेपर्यंत खेळाडू त्याच संघाचा. मुदत संपली तरी दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची त्याला सोय नव्हती. मालक मात्र त्याला केव्हाही दुसरीकडे पाठवू शकत असे. १९५४ साली बॉब कूझीने पुढाकार घेऊन बास्केटबॉल खेळाडूंची संघटना उभी केली. दहा वर्षांनी, १४ जानेवारी १९६४ रोजी, बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना दूरचित्रवाणीवरून दाखवला जाणार होता. निवृत्तिवेतनाची मागणी मान्य होईपर्यंत मैदानात उतरणार नाही, असे सांगून सगळे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. एका मालकाने आपल्या खेळाडूंना दमदाटीचा निरोप पाठवला, तरी एकी फुटली नाही. अखेर आयुक्तांनी शब्द दिला आणि मगच सामना सुरू झाला.

१९६५ पासून ऑस्कर रॉबर्टसन हा अव्वल खेळाडू या संघटनेचा अध्यक्ष होता. तेव्हा दोन प्रतिस्पर्धी बास्केटबॉल संघटनांच्या विलीनीकरणाचा घाट घातला जात होता. ते झाले असते तर खेळाडूंना ग्राहक एकच उरला असता. म्हणून १९७० साली रॉबर्टसनसह १४ खेळाडूंनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. तो १९७६ साली तडजोडीने मिटला. तेव्हापासून जुने बंधन सैल होत गेले, आणि १९८८ साली कराराची मुदत पुरी केलेल्या खेळाडूला अटींविना दुसरा संघ निवडण्याची मोकळीक मिळाली. टॉम चेंबर्स हा तिचा लाभ घेणारा पहिला खेळाडू. ड्युरांट २०१९ साली ज्या दारातून बाहेर पडला ते दार अशा रीतीने उघडलेले आहे. त्यासाठी भांडलेल्यांपैकी बहुतेकांचे स्वतःचे खेळण्याचे दिवस तोवर सरले होते.

मालक तेव्हा म्हणत की, खेळाडू मोकळे झाले तर सगळे गुणवंत श्रीमंत संघांत गोळा होतील आणि खेळच बुडेल. सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली बेसबॉलवरील आपल्या निबंधात या युक्तिवादाचे मर्म उघडे केले. राखीव कलम असो वा नसो, गुणवान खेळाडू शेवटी जेथे त्याचे मोल सर्वाधिक तेथेच जाणार. फरक एवढाच की, कलम असेल तर मधला पैसा त्याला विकणाऱ्या मालकाच्या खिशात जातो आणि नसेल तर खेळाडूच्या. म्हणजे भांडण खेळाच्या भवितव्याचे नव्हतेच. उत्पन्न कोणाच्या हाती जावे याचे होते. श्रम खरेदी करणारा एकटाच असला की श्रमाला त्याच्या उत्पादनापेक्षा कमी मोल मिळते, हे जोन रॉबिन्सनने १९३३ साली सिद्धान्तरूपाने मांडले होते. राखीव कलम हे त्या सिद्धान्ताचे चालतेबोलते उदाहरण होते.

हा इतिहास नजरेसमोर ठेवला की निष्ठेच्या गप्पांतील दुटप्पीपणा स्पष्ट होतो. ड्युरांट आपली कारकीर्द सिॲटल शहराच्या संघात सुरू करता झाला, तेही स्वतःच्या पसंतीने नव्हे. नवे खेळाडू संघांना वाटून देण्याची जी पद्धत आहे तिच्यात २००७ साली तो त्या संघाच्या वाट्याला आला. पुढच्याच वर्षी, सरकारी पैशाने नवे क्रीडागृह बांधून मिळत नाही म्हणून, मालकांनी तो अख्खा संघ उचलून ओक्लाहोमा सिटीला नेला. सिॲटलचे १९६७ पासूनचे नाते ४ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटवले गेले. आठ वर्षांनी, २०१६ साली, ड्युरांटने ओक्लाहोमा सोडले तेव्हा तेथील चाहत्यांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. ज्यांनी दुसऱ्या शहराचा संघ आणून आपल्याला दिला त्यांची निष्ठा मात्र कोणी तपासली नाही.

गोल्डन स्टेटचेही तसेच. १९७१ पासून हा संघ ओकलंडमध्ये खेळत होता. ओकलंड हे बंदराचे, कष्टकऱ्यांचे, मोठ्या कृष्णवर्णीय वस्तीचे शहर. पडत्या काळातही तेथील लोकांनी संघाला साथ दिली. १३ जून २०१९ रोजी संघ ओकलंडमधला शेवटचा सामना खेळला आणि खाडीपलीकडे श्रीमंत सॅन फ्रान्सिस्कोतील नव्या क्रीडागृहात निघून गेला. म्हणजे ज्या उन्हाळ्यात एका खेळाडूने संघ सोडला त्याच उन्हाळ्यात संघाने शहर सोडले. पहिल्याला आपण विश्वासघात म्हटले, दुसऱ्याला विकास.

२०१७ सालची एक देवघेव तर या दुटप्पीपणाचा धडाच आहे. कायरी अर्व्हिंग तेव्हा क्लीव्हलंडच्या संघात होता. हा संघ लागोपाठ तीन वर्षे अंतिम मालिकेत पोचला होता आणि २०१६ साली विजेता ठरला होता. लेब्रॉन जेम्सच्या सावलीतून बाहेर पडावे या इच्छेने, कराराची मुदत शिल्लक असताना, अर्व्हिंगने दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली, आणि त्याच्यावर स्वार्थीपणाचा शिक्का बसला. त्याच्या बदल्यात बोस्टनने जे खेळाडू दिले त्यांत आयझेया टॉमस होता. त्या हंगामात टॉमसने सामन्यामागे जवळजवळ २९ गुण केले होते. बहिणीचा अपघाती मृत्यू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो संघासाठी मैदानात उतरला होता आणि कंबरेच्या सांध्याची दुखापत अंगावर काढीत खेळला होता. चार महिन्यांत त्याला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवण्यात आले. जाऊ द्या म्हणणारा स्वार्थी ठरला. पाठवणारे व्यवहारी ठरले. निष्ठेची परतफेड निष्ठेने होते, असे टॉमसला कोणी सांगावे?

सोडून जाण्याचा निवाडा तत्त्वाने होत नाही, याचा आणखी एक पुरावा म्हणजे स्वतः लेब्रॉन जेम्स. २०१० साली तो क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला, तेव्हा मालकाने जाहीर पत्र लिहून त्याला विश्वासघातकी ठरवले. २०१४ साली तो मायामी सोडून क्लीव्हलंडला परतला. मायामीचा संघ तर सलग चार वर्षे अंतिम मालिकेत खेळलेला आणि दोनदा जिंकलेला होता. पण या वेळी तीच कृती घरी परतणाऱ्या सुपुत्राची ठरली.

विरुद्ध बाजूलाही काही म्हणावयाचे आहे आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आक्षेप, हे स्वातंत्र्य मूठभरांचे आहे. ते खरे आहे. संघाच्या बाकावर बसणारा सामान्य खेळाडू कोठे जायचे हे ठरवीत नाही. कोणी घेईल का, याची वाट पाहतो. दुसरा आक्षेप, ताऱ्यांच्या या फिरतीने बळ एके ठिकाणी गोळा होते. यातही तथ्य आहे. नव्या दूरचित्रवाणी करारामुळे २०१६ साली संघांची वेतनमर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४० लाख डॉलरवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी ही सूचना खेळाडूंच्या संघटनेने नाकारली, आणि त्या एका वर्षी निर्माण झालेल्या जागेमुळेच ७३ सामने जिंकणाऱ्या संघाला ड्युरांटही घेता आला. तिसरा आक्षेप चाहत्यांचा. तिकिटासाठी पदरमोड करणाऱ्या माणसाला, ज्याच्यावर जीव लावला तो निघून गेला, याचे दुःख होणारच. ते दुःख खोटे नाही. पण त्यावरचा उपाय खेळाडूला पुन्हा बांधून ठेवणे हा नव्हे. संघावर शहराचा आणि त्याच्या नागरिकांचा काही अधिकार असावा, हा तो उपाय. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या लहान शहराचा फुटबॉल संघ हजारो सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे आणि म्हणून तो कोणी उचलून नेलेला नाही. चाहत्याचा राग योग्य आहे; त्याचा पत्ता चुकला आहे.

ड्युरांटला या निर्णयाने काय मिळाले? यशाच्या मापाने फारसे नाही. २०२१ साली ब्रुकलिनचा संघ दुसऱ्या फेरीतच हरला. त्याच वर्षी तेथेच पुढील चार वर्षांचा करार करूनही २०२२ साली ड्युरांटने पुन्हा बदली मागितली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो फिनिक्सला गेला. गोल्डन स्टेटने मात्र २०२२ साली त्याच्यावाचून पुन्हा विजेतेपद मिळवले. ताजा करार हातात असताना बाहेर पडण्याची मागणी करणे आणि करारातल्या मुभेप्रमाणे बाहेर पडणे, यांत भेद आहे. २०२२ च्या त्याच्या वागण्याचे समर्थन मी करणार नाही. पण २०१९ चा निर्णय फळला नाही म्हणून तो घेण्याचा हक्क चुकीचा ठरत नाही. फसण्याची मुभा नसेल तर ते स्वातंत्र्य कसले?

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक लहानसे, पण फार मोलाचे पुस्तक लिहिले. संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात, असे तो सांगतो: बोलणे किंवा निघून जाणे. निष्ठा ही निघून जाणे लांबवते आणि बोलण्याला अवसर देते. जेथे निघून जाण्याची सोयच नाही तेथे बोलण्याकडेही कोणी लक्ष देत नाही. या विवेचनाला बास्केटबॉलच्या इतिहासावरून मी एक पुस्ती जोडीन. हरणाऱ्या संघात बोलणे सोपे असते, कारण काहीतरी बिघडले आहे हे सर्वांनाच दिसत असते. जिंकणाऱ्या संघात बोलणे सर्वांत अवघड. तेथे प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर तयार असते: आपण जिंकतो आहोत ना, मग तुला आणखी काय हवे? विजय हा असा तक्रारीचा गळा दाबतो, आणि मग एके दिवशी उत्तम माणूस काही न बोलता उठून जातो आणि मागे राहिलेले आश्चर्य करीत बसतात.

तेव्हा जिंकणारा संघ कोणी का सोडावा, हा प्रश्न मला उलटा करून विचारावासा वाटतो. केवळ जिंकतो म्हणून माणसाने एखाद्या ठिकाणी का राहावे? विजय हे संघाचे फळ आहे. माणसाला तेथे असलेल्या स्थानाची, सन्मानाची आणि शब्दाची जागा ते घेऊ शकत नाही. ज्यांना माणसे टिकवायची आहेत त्यांनी विजयाचा आकडा पुढे करण्याऐवजी, जिंकत असतानाच, आपल्यातल्या अबोल माणसाला एकदा विचारावे की बाबा रे, तुझे काय म्हणणे आहे. हे बास्केटबॉलच्या संघाला लागू आहे आणि चार माणसे एकत्र येऊन चालवतात त्या प्रत्येक कामाला लागू आहे, आपल्याही.